गावच्या पोरांसाठी कॉलेज-निधी: फी भरायची की महिन्याला हातात पैसे द्यायचे?

तापीकाठ
राम राम मंडळी. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावच्या हायस्कूलचे जुने विद्यार्थी यंदा एकत्र आलो आहोत. कोणी सुरतला, कोणी पुण्या-नाशिकला, बरेच जण गावातच शेती करणारे. दरवर्षी वर्गणीतून चार-साडेचार लाख रुपये उभे राहतील असं दिसतंय. ते गावातल्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या गरजू पोरापोरींच्या कॉलेजसाठी खर्च करायचे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे.

पुढे दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, थेट कॉलेजची फी भरा. पावती मिळते, हिशेब सोपा. दुसरा म्हणतो, फी बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या सरकारी योजनेतून माफ होते, तेव्हा आपण महिन्याच्या खर्चाला द्यावं. मार्कांची अट ठेवायची का, यावर तर बैठक रात्री उशिरापर्यंत चालली.

माझा कल गरज बघून देण्याकडे आहे. पण मुळातलं विचारतो: अशा मदतीनं पोरं पदवीपर्यंत पोचतात का? आमच्याकडे प्रवेश घेणारे कमी नाहीत, दुसऱ्या वर्षाच्या वर्गात किती उरतात हा प्रश्न आहे. ज्यांनी शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतलं, ज्यांनी शिकवलं, ज्यांनी अर्ज भरून दिले, त्यांनी मोकळेपणानं लिहा.

वरणबट्टी
फार चांगलं काम हाती घेतलंय. माझ्याकडून वर्गणी धरा.

पांझराकाठ
मार्कांची अट हवीच. चार लाख म्हणजे मोजके पैसे, ते जो पुढे जाणार त्यालाच मिळावेत. बारावीला ७० टक्के तरी हवेत. आम्ही तीन भावंडं, वडील बाजार समितीत हमाल. मार्कांच्या जोरावरच तिघं शिकलो. गरज तर सगळ्यांनाच असते, तिला काही मोजमाप नाही.

मोलगीकर
पांझराकाठ दादा, तुमच्या वडिलांच्या कष्टांना नमस्कार. तरी तुमच्या अटीत मी बसलो नसतो. मी आश्रमशाळेचा. बारावी सायन्सला आम्हाला वर्षाचा बराच काळ फिजिक्सचा शिक्षकच नव्हता. जेमतेम मार्कांनी पास झालो, नंदुरबारला बीएस्सी केलं, पुढे बीएड, आणि आता अक्राणीत पोरांना शिकवतो. बारावीच्या मार्कांत पोराच्या हुशारीबरोबर त्याच्या शाळेत शिक्षक होता की नाही हेही उतरतं.

तापीकाठ भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: पैशानं फरक पडतो, पण तो कधी हातात येतो यावर सगळं आहे. मला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, म्हणून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेत अर्ज केला. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये होते: जेवणाला २५,०००, राहायला १२,०००, बाकी निर्वाहाला ६,०००. आमच्या घरासाठी ही मोठी रक्कम. पण खोलीवाला डिपॉझिट जुलैत मागतो, खानावळवाला महिन्याच्या महिन्याला. पहिला हप्ता खात्यावर आला तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा होऊन गेली होती. माझ्या खोलीतले दोघं दिवाळीला घरी गेले ते परत आलेच नाहीत. त्यातला एक आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेला. त्याचे पैसे नंतर आले, तोवर वर्ष गेलं होतं. तो आमच्यात सगळ्यात हुशार होता.

सुरत_पॅसेंजर
अगदी खरं. सुरत-भुसावळ लाईनवर अपडाऊन करताना डब्यात पोरं एकमेकांना भेटल्याबरोबर हेच विचारायची, "पैसा उना का भो?"

केळीची_बाग
यात शेतकऱ्याच्या घराचं गणित कोणी मांडलेलं नाही, म्हणून लिहितो. कॉलेजचा सगळा मोठा खर्च जून ते ऑगस्टमध्ये येतो. प्रवेश, खोली, पुस्तकं, पास. नेमक्या त्याच महिन्यांत कोरडवाहूवाल्याच्या घरात रोख पैसा नसतो, कारण जे होतं ते बियाण्यात आणि खतात गेलेलं असतं. कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. आमच्या केळीला वर्षभर थोडंफार चालू असतं, पण एक वादळ आलं की उभी बाग आडवी. म्हणजे ज्याला 'गरीब' म्हणता येणार नाही असा चार-पाच एकरवालाही जुलैत पोराला दहा हजार देऊ शकत नाही. तुमचा निधी जुलैत मिळत असेल तर त्याच पैशाचं मोल डिसेंबरपेक्षा कितीतरी जास्त.

लेखनिक_आप्पा
मी धुळे जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल बघतो. पैसे उशिरा का होतात ते सांगतो, म्हणजे तुमचा निधी कुठे लावायचा ते ठरवता येईल.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावर. त्याला तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, मार्कशीट, टीसी, रेशनकार्ड. गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. जूनमध्ये सेतू केंद्रावर या दाखल्यांसाठी रांगा असतात. अर्ज भरला की तो आमच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, तिथून समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे. एक कागद अस्पष्ट निघाला की अर्ज परत विद्यार्थ्याकडे. आता तो पोरगा असतो धडगावच्या वर कुठल्या पाड्यावर. रेंज नाही, रिचार्ज संपलेला, मेसेज दिसत नाही. मुदत निघून जाते. आम्ही फोन लावत बसतो, पण नंबर असतो गावातल्या ज्या दुकानदारानं फॉर्म भरून दिला त्याचा.

सगळ्यात जास्त प्रकरणं दोन जागी अडतात. एक म्हणजे बँक खातं. आधार खात्याला लिंक असतं, पण डीबीटीसाठी मॅप नसतं, म्हणजे सरकारी पैसे थेट याच खात्यावर यावेत अशी नोंद नसते. किंवा शाळेत असताना काढलेल्या, बंद पडलेल्या खात्याला मॅप असतं, आणि पैसे तिकडे जाऊन परत येतात. दुसरं नाव. टीसीवर पावरा, आधारवर पवार. दाखल्यावर वडिलांचं पाळण्यातलं नाव, मार्कशीटवर गावातलं. शिवाय अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळ्या वेळी खात्यावर येतो. पोराला वाटतं एवढेच मिळाले, ते खर्च होतात, आणि नंतर कॉलेज त्यातलीच फी मागतं.

म्हणून माझं म्हणणं, निधीतला थोडा भाग पैसे म्हणून वाटूच नका. मे-जूनमध्ये गावात एक जाणता माणूस बसवा, लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन. एक अर्ज नीट भरला गेला तर सरकारचे तीस-चाळीस हजार घरात येतात.

साने_गुरुजींचं_गाव
आप्पा, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक कॉलेजच्या टेबलावर असता तर या धाग्याची गरजच पडली नसती.

आकडेवाली
माहेर चोपड्याचं, सध्या पुण्यात शिक्षणाच्या आकडेवारीवर काम करते. तापीकाठ भाऊंचा मूळ प्रश्न 'पदवीपर्यंत पोचतात का' हा आहे आणि त्याचं उत्तर परदेशात बऱ्यापैकी काटेकोरपणे शोधलं गेलंय, म्हणून लिहिते.

अमेरिकेत गरजेवर आधारलेली मोठी सरकारी मदत म्हणजे पेल ग्रँट, १९७२ पासूनची. विस्कॉन्सिन राज्यात २००८ मध्ये एका खाजगी निधीनं त्यावर भर घातली. पेल मिळणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड केली आणि निवडलेल्यांना वर्षाला ३,५०० डॉलर देऊ केले. निवड नशिबावर असल्यामुळे दोन्ही गट सारखेच, त्यामुळे तुलना खरी. चार वर्षांत पदवी पूर्ण करणारे, मदत न मिळालेल्यांत साधारण १६ टक्के, मिळालेल्यांत २१ टक्के. मदत मिळालेली मुलं नोकरीचे तास, विशेषतः रात्रपाळ्या, कमी करू लागली हेही त्यात दिसलं. म्हणजे फरक पडतो, ठोस पडतो. पण नुसत्या पैशानं सगळे पार होत नाहीत हेही तितकंच खरं.

दुसरा प्रयोग आप्पांच्या टेबलाशी थेट जोडलेला आहे. तिथे करविवरणपत्रं भरून देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना तिथेच बसवून मुलांच्या मदतीचा अर्ज भरून दिला. त्या मुलांत कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. काही कुटुंबांना 'तुम्हाला एवढी मदत मिळू शकते' अशी फक्त माहिती दिली होती, अर्ज भरून दिला नव्हता. त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे 'जनजागृती मेळावा' घेऊन पत्रकं वाटणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं असं मला फार वाटतं.

तिसरं न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं. २००७ पासून तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत फीची तूट भरून देणं, पुस्तकं, बस-रेल्वेचा पास आणि नियमित भेटणारा सल्लागार हे सगळं एकत्र दिलं. अट एकच मोठी, पूर्णवेळ शिकायचं. तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. माझ्या वाचनात याहून मोठा परिणाम क्वचितच आलाय.

पांझराकाठ
आकडेवाली ताई, नीट समजावून सांगितलंत, आभार. तरी तिकडची कॉलेजं, तिकडचे पगार वेगळे. इथे पोरगा पैसे घेऊन मोबाईल घेईल ही भीती कोणालाच वाटत नाही का?

मोलगीकर
दादा, मोबाईल घेईल. घ्यायलाच हवा, अर्ज त्यावरच येतो आणि नोट्सही.

आकडेवाली
पांझराकाठ दादा, रकमा जशाच्या तशा इथे लागू होणार नाहीत हे मान्य. पण पैसे कशामुळे उपयोगी पडतात ते कारण इथेही तेच आहे. रात्री एमआयडीसीत पाळी करून सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला येणारा पोरगा जळगावातही आहेच.

खिरोदेकर_ताई
मी रावेर-यावल भागात मुलींच्या वसतिगृहाची अनेक वर्षं रेक्टर होते. मुलींबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं.

२०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ५० टक्के होतं. निर्णय मोठा आहे, आणि इंजिनिअरिंग-फार्मसीच्या मुलींना त्यामुळे खरा आधार मिळाला. पण एक, तो सीएपी फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतलेल्यांनाच आहे. संस्था पातळीवर जागा घेतली की नाही. दर जुलैत एखादी मुलगी रडत येते, कारण गावातल्या कोणीतरी 'कुठेही घे, फी माफच आहे' असं सांगितलेलं असतं. दोन, राहण्याजेवणाचं काय? त्यासाठी अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना असं आहे. पण किती आईबापांना ही नावं माहीत आहेत?

आणि तिसरं. मुलाचा हप्ता उशिरा आला तर तो उसनवारी करतो, मित्राच्या खोलीवर राहतो, हॉटेलात काम धरतो. मुलीला यातलं काहीच करता येत नाही. ती घरी जाते. घरी गेली की मामा-काका म्हणतात, आता आलीच आहे तर स्थळ बघू. माझ्या डोळ्यांसमोर दोन-तीन हजार रुपयांसाठी मुलींची शिक्षणं थांबली आहेत आणि नंतर शिष्यवृत्ती त्यांच्या खात्यावर आलेली मी पाहिली आहे, लग्न झाल्यानंतर. तापीकाठ भाऊ, तुमच्या निधीत पहिला हक्क अशा वेळी अडलेल्या मुलीचा असावा, ही माझी कळकळीची विनंती.

केळीची_बाग
ताई, वाचून पोटात कालवलं. माझी पुतणी अशीच घरी बसली असती, थोडक्यात वाचली.

निम्न_तापी
शैक्षणिक कर्ज का नको? पीएम विद्यालक्ष्मी योजना आली आहे, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ८ लाखांच्या आतल्या कुटुंबांना ३ टक्के व्याज सवलत आहे, तारणही लागत नाही. मुलं कमावू लागली की फेडतील, तुमचा निधी वाचेल.

लेखनिक_आप्पा
ती निवडक, मानांकनात वरच्या असलेल्या संस्थांपुरती आहे. आमच्या तालुक्याच्या बीए-बीकॉमच्या पोराला तिचा उपयोग नाही. त्याला वर्षाला पंचवीस-तीस हजार कमी पडतात, आणि त्यासाठी बँक त्याच्याशी बोलतही नाही. शिवाय ज्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे तो बाप दुसऱ्या कर्जावर सही करायला घाबरतो. घाबरणं चूक नाही.

साने_गुरुजींचं_गाव
थोडं विषयांतर, पण सांगतोच. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियाला जायला जी शिष्यवृत्ती दिली ती महिन्याला साडेअकरा पौंड होती, तीन वर्षांसाठी. किती मिळणार, किती काळ मिळणार, हे निघायच्या आधी ठरलेलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं काढली, कारण शाळा असून उपयोग नव्हता, खेड्यातल्या पोराला राहायला जागा नव्हती. भाऊराव पाटलांनीही आधी वसतिगृहच काढलं. आपल्याकडच्या थोर माणसांनी फी माफीच्याही आधी ताट आणि छप्पर यांचा विचार केला होता. मला वाटतं तापीकाठ भाऊंच्या दुसऱ्या गटाचं म्हणणं या परंपरेतलं आहे.

वरणबट्टी
वा! याला विषयांतर म्हणू नका हो. ताटाचा विषय निघाला की मी हजरच.

पांझराकाठ
सगळं वाचलं. खिरोदेकर ताईंचं तर दोनदा वाचलं. बारावीच्या मार्कांची अट मी मागे घेतो. पण काहीतरी अट हवी, कारण निधी देणाऱ्यांनाही दिसलं पाहिजे की पोरगा शिकतोय. हजेरीची ठेवा: ७५ टक्के.

मोलगीकर
हजेरी चालेल, पण कापूस वेचणीच्या दिवसांत आणि होळीच्या आठवड्यात सूट द्या. काठीच्या होळीला आमच्याकडचं पोरगं कॉलेजात थांबणारच नाही, आणि थांबावं असंही मला वाटत नाही. दुसरं, एखाद-दोन विषय राहिले, एटीकेटी लागली, म्हणून लगेच मदत बंद करू नका. आश्रमशाळेतून आलेल्याला पहिल्या सत्रात भाषा, शहर, खानावळ सगळंच नवं असतं. मदतीची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच असते.

पांझराकाठ
होळीचं मान्य. एटीकेटीला एक वर्षाची मुदत, त्यापुढे नाही.

आकडेवाली
अट कोणतीही ठेवा, पण ती जूनमध्ये कागदावर लिहून पोराच्या आणि पालकांच्या हातात द्या. 'दर महिन्याच्या ५ तारखेला एवढे पैसे, एप्रिलपर्यंत' असं लिहिलेलं. मिशिगन विद्यापीठानं गरीब घरच्या हुशार मुलांना 'प्रवेश मिळाला तर चार वर्षं फी नाही' असं हमीचं पत्र घरी पाठवलं. तशीच मदत त्यांना एरवीही मिळालीच असती, फक्त आधी कोणी शब्द दिला नव्हता. पत्र मिळालेल्यांपैकी दोनतृतीयांशांनी अर्ज केले, न मिळालेल्यांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शानं. भरवसा आधी मिळाला की घरातलं बोलणंच बदलतं.

तापीकाठ
मंडळी, तुमच्या या चर्चेचं प्रिंट काढून रविवारच्या बैठकीत वाचलं. ठरलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा.

फी भरायची नाही. पंधरा मुलंमुली, जुलै ते एप्रिल दहा महिने, दर महिन्याच्या ५ तारखेला २,५०० रुपये थेट त्यांच्या खात्यावर. त्याचे ३,७५,००० होतात. पंधरापैकी निदान आठ मुली. मार्कांची अट नाही. हजेरी आणि एटीकेटीचं पांझराकाठ आणि मोलगीकर यांचं जसं जमलं तसंच घेतलं. उरतील त्या पन्नास-साठ हजारांचा वेगळा डबा: परीक्षा फी, आजारपण, खोलीचं डिपॉझिट, अर्ज केल्यापासून दोन दिवसांत द्यायचे. तो डबा पंधरांपुरता नाही, गावातल्या कोणाही कॉलेजच्या पोराला खुला.

एका गोष्टीवर अजून वाद आहे. सरकारी शिष्यवृत्ती मागाहून आली तर आमचे पैसे परत घ्यायचे का? घेतले तर पुढच्या वर्षी आणखी पोरं बसतात.

खिरोदेकर_ताई
घेऊ नका. तो पैसा येतो तेव्हा घरात वाट बघणारी दहा देणी असतात. आणि परत करायचे म्हटलं की पुढच्या वर्षी पोरगी मागायलाच येणार नाही.

पांझराकाठ
मी म्हणतो, मागू नका पण दिले तर घ्या. आणि तापीकाठ भाऊ, त्या तातडीच्या डब्यात दरवर्षी माझे पाच हजार.

तापीकाठ
दादा, मनापासून आभार. बैठकीत हेच मांडतो. आप्पा, अर्जांसाठी माणूस बसवायचं सगळ्यांना पटलंय, पण जाणता माणूस आमच्याकडे नाही. गावातली दोन पोरं तयार आहेत, शिकवाल का?

लेखनिक_आप्पा
येतो. मेच्या दुसऱ्या शनिवारी ठेवा, लग्नसराई असली तरी सकाळी पोरं मोकळी असतात. त्याआधी एवढं करून ठेवा: बारावीला बसलेल्या प्रत्येकाचं आधार, टीसी आणि मार्कशीट शेजारी ठेवून नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते तपासा. जुळत नसेल तर आधार दुरुस्ती आत्ताच टाका, निकालाची वाट बघू नका. बँकेत जाऊन डीबीटीला कोणतं खातं मॅप आहे ते विचारून वहीत लिहा. उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज एप्रिलअखेर सेतूवर द्या. आणि अर्जात मोबाईल नंबर घरातलाच द्यायचा, दुकानदाराचा नाही. स्कॅनर शाळेत आहे का तेवढं कळवा, नाहीतर मी माझा घेऊन येतो.